ब्रुनेईत एक रात्र, दीड दिवस: कमी पैशातला स्टॉपओव्हर कसा जमवायचा

मेलबर्नला दादाकडे जायचं होतं, सोबत आई-बाबा, आणि सलग प्रवास बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही हे आधीच ठरलेलं, त्यामुळे मधे एक मुक्काम हवाच होता. सिंगापूर बघून झालेलं आणि हॉटेलचे रेट बघून घाम फुटलेला. मग दिसलं की रॉयल ब्रुनेई ही तिथली विमान कंपनी नोव्हेंबर २०२४ पासून चेन्नईहून थेट उडते आणि पुढे मेलबर्नलाही जाते. बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे तो सोन्याच्या महालवाला सुलतान? तिथे आपल्याला परवडणारे का?"

परवडतं. अगदी आरामात परवडतं. ब्रुनेई महाग नाहीये, ब्रुनेई गैरसोयीचं आहे, आणि हा फरक आधी कळला असता तर माझे निम्मे घोळ टळले असते. तिथे पेट्रोल लिटरला ५३ सेंट, म्हणजे आपले पस्तीसेक रुपये. सरकारी सबसिडी आहे, इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे घरटी दोन-तीन गाड्या, आणि ज्या गावात प्रत्येकाकडे गाडी आहे तिथे बस कोणासाठी चालवणार? खाणं स्वस्त, बघण्याच्या बहुतेक जागा फुकट, पण एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं कसं इथे तुमची खरी परीक्षा. सगळा प्लॅन ह्या एका गोष्टीभोवती करायचा.

अंदाज यावा म्हणून सांगते, बोर्निओ बेटावरचा हा देश ५,७६५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साधारण दीड गोवा, आणि लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या एक तृतीयांशही नाही. त्यातही मधे मलेशियाचा लिंबांग भाग घुसलाय म्हणून देशाचे दोन तुकडे. राजधानीचं नाव बंदर सेरी बगावान, आणि हे ऐकून आई लगेच म्हणाली, "अगं हे तर श्री भगवान!" खरंच तेच आहे. बंदर म्हणजे आपलं बंदरच, आणि सेरी बगावान ही पदवी आधीच्या सुलतानाने, ओमर अली सैफुद्दीन यांनी, १९६७ मध्ये गादी मुलाला दिल्यावर घेतली, मग १९७० मध्ये शहराला ते नाव मिळालं. तोवर नुसतं ब्रुनेई टाउन होतं. तो मुलगा म्हणजे आजचे सुलतान हसनल बोल्किया. तेव्हापासून तेच आहेत.

आधी व्हिसा, मग तिकीट

हा क्रम उलटा करू नका. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, त्यामुळे तिकिटाचे पैसे भरायच्या आधी दिल्लीच्या ब्रुनेई हाय कमिशनकडे आणि एअरलाइनकडे मेल टाकून लेखी उत्तर घ्या, ट्रॅव्हल एजंटच्या "हो जाईल मॅडम" वर जाऊ नका. पुढच्या देशाचा व्हिसा आणि पुढचं तिकीट प्रिंट काढून सोबत ठेवा. निघायच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते फोनवरून होतं, पण आई-बाबांचं तुम्हालाच भरावं लागणार हे धरून चाला.

तिकीट काढताना नुसतं भाडं बघू नका, वार बघा. मी भाडं बघितलं, आणि आम्ही उतरलो गुरुवारी. ह्याचा अर्थ काय ते मला तिथे गेल्यावर कळलं. गुरुवार-शुक्रवार मोठ्या मशिदींमध्ये मुस्लिम नसलेल्यांना आत सोडत नाहीत. शिवाय शुक्रवारी दुपारी १२ ते २ पूर्ण देश बंद. दुकानं बंद, हॉटेलं बंद, मॉल बंद. नमाजासाठी सगळं थांबतं, आणि हे कायद्याने आहे, कोणी मागच्या दाराने चहा पण देत नाही. आम्ही तिघं बरोब्बर सव्वाबाराला पोटात कावळे घेऊन यायासान कॉम्प्लेक्स नावाच्या मॉलच्या व्हरांड्यात बसलो आणि आईच्या पर्समधल्या राजगिऱ्याच्या चिक्कीवर दोन तास काढले. तेव्हा शक्यतो शनिवार ते बुधवार यातला मुक्काम धरा. तिथली सरकारी सुट्टी शुक्रवार आणि रविवार, शनिवारी ऑफिसं चालू, हेही गमतीशीरच. रमजानात गेलात तर दिवसा चारचौघात खाणंपिणं बंद, तुम्ही मुस्लिम असा वा नसा. तरी रमजानची ईद मात्र वेगळी गोष्ट, त्यावर खाली सांगते.

पैसे: रुपये नका नेऊ, सिंगापूर डॉलर न्या

हा सगळ्यात कामाचा सल्ला. ब्रुनेई डॉलर आणि सिंगापूर डॉलर यांचा भाव एकास एक आहे, १९६७ च्या करारापासून, आणि सिंगापूरच्या नोटा ब्रुनेईत कुठेही चालतात, अगदी रात्रीच्या बाजारातल्या मावशीकडे सुद्धा. ब्रुनेई डॉलर पुण्यात शोधत बसू नका, मनी चेंजरकडे सिंगापूर डॉलर सहज मिळतात, ते घ्या, लहान नोटा मागून घ्या. पासष्ट-सत्तर रुपयांचा एक डॉलर असा हिशेब डोक्यात ठेवा. माणशी दिवसाला पंचवीस-तीस डॉलर खाणं आणि फिरण्याला पुरतात, राहणं वेगळं.

बॅगेचं एक लक्षात ठेवा. चेक-इनचं सामान थेट मेलबर्नला टॅग झालं तर ब्रुनेईत ते तुमच्या हातात येणारच नाही. आमचं तसंच झालं, आणि आईची औषधं हातातल्या पिशवीत होती म्हणून वाचलो. एक जोड कपडे, औषधं, छत्री, पूर्ण बाह्यांचं काहीतरी, ओढणी, आणि प्लगचा अडॅप्टर हातात ठेवा. तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट आहेत, आपला चार्जर बसत नाही. छत्री अशासाठी की पाऊस तिथे बाराही महिने कधीही येतो, मुसळधार येतो, आणि अर्ध्या तासात जणू काही झालंच नाही असं ऊन पडतं. घड्याळ अडीच तास पुढे करा.

विमानात दारू देत नाहीत, देशात विकतही नाहीत. मुस्लिम नसलेल्या मोठ्या माणसाला दोन बाटल्या आणि बिअरचे बारा कॅन सोबत आणता येतात, पण कस्टममध्ये फॉर्म भरून, आणि प्यायचं खोलीतच. एका रात्रीसाठी कशाला ती कटकट, असं माझं मत, बाबांचं वेगळं असू शकतं. बाकी विमान सुटायच्या आधी स्क्रीनवर प्रवासाची दुआ लागते, आईने पण हात जोडले.

विमानतळ ते शहर

अंतर फार नाही, दहा किलोमीटरच्या आत. तीन रस्ते आहेत. बस, एक डॉलर, पण कधी येईल ते तिच्या मनावर आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला बंद, तेव्हा रात्री उतरलात तर बस विसरा. टॅक्सी, पूर्ण देशात मोजक्याच, आम्हाला पंचवीस डॉलर सांगितले. आणि डार्ट, हे तिथलं ओला-उबर सारखं ॲप, ग्रॅब तिथे नाही. विमानतळावरच सिम घ्या, डार्ट टाका, टॅक्सीच्या निम्म्याच्याही खाली काम होतं. आमच्या गेस्टहाउसने फुकट पिकअप देतो म्हटलं होतं, पाऊण तास वाट बघितली, कोणी आलं नाही, फोन उचलला तर "ट्वेंटी मिनिट्स" एवढंच. शेवटी डार्टच केलं.

एक मजा सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर उभे होतो, बस काही येईना, तर एक गाडी थांबली, काच खाली, मागे बाळाची सीट, आणि एक बाई विचारतेय कुठे जायचंय. सोडलं की तिने. पैसे विचारले तर हसली. तिथल्या लोकांना रस्त्यावर चालणारा माणूस दिसला की बहुतेक वाटतं याची गाडी बिघडली असणार.

राहायचं कुठे

जुन्या शहराच्या मध्यात, नदीच्या जवळ. गदोंग भागात मॉल आहेत, स्वस्त हॉटेलंही दिसतात, पण ते तीन-चार किलोमीटर लांब, आणि मग प्रत्येक गोष्टीला गाडी. मध्यात राहिलात तर मशीद, नदी, बाजार, बस टर्मिनल सगळं पायी. एकटे किंवा मित्रमित्र असाल तर पुसात बेलिया म्हणून सरकारी युवा केंद्र आहे, तिथली दहा डॉलरची डॉर्म बॅकपॅकर लोकांमध्ये वर्षानुवर्षं फेमस आहे, मुलं-मुली वेगवेगळ्या खोल्यांत. शाळेचा एखादा ग्रुप आला की सगळं भरतं, म्हणून आधी फोन करून जागा पक्की करा. आई-बाबांसाठी मी तीन बेडची साधी खोली घेतली, पंचावन्न डॉलर, एसी दणदणीत, उशा दगडासारख्या.

पहिली संध्याकाळ: माकडं, मशीद, बाजार

दुपारी उतरलात तर खोलीत लोळू नका, चारच्या आत नदीवर पोचा. किनाऱ्यावर गेलात की होडीवाले स्वतःच हाका मारतात. लांबट, अरुंद लाकडी होडी, मागे इंजिन. दोन प्रकारचे सौदे असतात. नुसतं नदीपार जायचं तर माणशी एक डॉलर. आणि तासाभराची फेरी, ज्यात पाण्यावरचं गाव, सुलतानाचा महाल नदीतून, आणि पुढे खारफुटीत प्रोबोसिस माकडं. या फेरीला आम्हाला चाळीस सांगितले, तीसवर आलं, पूर्ण होडीचे. घासाघीस करा पण प्रेमाने, आवाज चढवून नाही, तिथे कोणी आवाज चढवतच नाही.

ही माकडं फक्त बोर्निओ बेटावरच सापडतात, नराचं नाक एवढं लांब की खाताना बाजूला करावं लागत असेल असं वाटतं. ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच नदीकाठी येतात म्हणून चारची वेळ सांगितली. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, बोट दाखवलं (अंगठ्याने, तर्जनीने नाही, ती तिथे असभ्य समजतात), आणि पहिली पाच मिनिटं आम्हाला नुसती पानंच दिसत होती. मग एक फांदी एकदम खाली वाकली आणि त्यावरून लाल-तपकिरी पाठीचा, सुटलेल्या पोटाचा एक गृहस्थ धपकन पुढच्या झाडावर. बाबा म्हणाले, "आमचे हेडक्लार्क असेच होते."

महाल म्हणजे इस्ताना नूरुल इमान, १७८८ खोल्या. आत जाता येत नाही. नदीतून सोनेरी घुमट आणि लांबलचक छप्पर दिसतं तेवढंच. फक्त रमजान ईदच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस तो सगळ्यांसाठी उघडतात, परदेशी माणसालाही, जेवण फुकट आणि राजघराण्याशी हस्तांदोलन, पुरुषांच्या रांगेत पुरुषांशी आणि बायकांच्या रांगेत बायकांशी. तुमच्या तारखा त्यात बसत असतील तर बाकीचा सगळा लेख विसरा आणि रांगेत उभे राहा. पिवळे कपडे मात्र नकोत, तो राजाचा रंग.

परत आलात की साडेसहाला ओमर अली सैफुद्दीन मशिदीसमोर बसा. १९५८ ची, ५२ मीटर उंच, सोन्याचा घुमट, भोवती तळं आणि तळ्यात दगडी शाही होडी. अंधार पडायला लागला की दिवे लागतात आणि सगळी मशीद पाण्यात उलटी दिसते. तिकीट नाही, गर्दी नाही. आम्ही वीस मिनिटं बसू म्हटलं आणि तास गेला.

मग डार्ट करून गदोंगचा रात्रीचा बाजार. पाच-सात डॉलर लागतात तिथवर, पण जेवण त्याहून कमीत होतं. एका डॉलरचा नासी कातोक घ्या, हा ब्रुनेईचा वडापाव समजा: ब्राउन पेपरमध्ये भात, तळलेल्या चिकनचा तुकडा, तिखटगोड सांबाल म्हणजे मिरचीची चटणी. कातोक म्हणजे दार ठोठावणं, रात्री-बेरात्री भूक लागलेली पोरं एका घराचं दार वाजवून हे मागायची म्हणून हे नाव असं सांगतात. भाजलेले चिकनचे तुकडे, केळीच्या पानातला भात, रंगीत खोबऱ्याच्या मिठाया, सगळं एक-दोन डॉलरच्या घरात. बाबा तिथे जे सुटले ते सुटलेच.

शाकाहारी माणसाचं काय

आई शाकाहारी, त्यामुळे हा भाग अनुभवाचा आहे. मुख्य शत्रू चिकन नाही, बलाचान आहे. सुकवलेल्या जवळ्याचा कुटून केलेला लगदा, आणि तो भाजीत, चटणीत, सॉसमध्ये सगळीकडे असतो. हिरवीगार कांगकोंगची भाजी बघून खूष होऊ नका, त्यातही तो असतोच. तेव्हा पाठ करा: तान्पा दागिंग, तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा बलाचान. तान्पा म्हणजे शिवाय, पुढचे शब्द मटण-बीफ, चिकन, मासा. इंग्रजी जवळपास सगळ्यांना येतं, पण मलय शब्द बोललात की बाई मान हलवून खरंच वेगळी कढई काढते. आणि सगळं फसलं तर तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, डोसा, रोटी कोसोंग म्हणजे आपला सुटणारा परोठा आणि पातळ डाळ, दीड-दोन डॉलर. आईने तीनही जेवणं तिथेच काढली.

फक्त अंबुयात तिने चाखला. हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ, साबुदाण्याच्या जातभाऊ सागो पामच्या खोडातलं पीठ गरम पाण्यात घोटून केलेलं. दिसतं पारदर्शक, चिकट. बांबूची दोन दातांची चांदास नावाची काडी असते, ती त्यात घालून गोल गोल फिरवायची, गोळा झाला की आंबट-तिखट चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. आईने काडी फिरवली, गोळा उचलला, तो लांबत लांबत परत वाटीत पडला, दुसऱ्यांदा तोंडापर्यंत आला, आणि ती म्हणाली, "ही तर खळ गं! पतंग चिकटवायची." पूर्ण चूक नाही. चव सगळी चटणीची, आणि चटणीत सहसा बलाचान, तेव्हा शाकाहारी माणसाला हाती नुसती खळच राहते.

दुसरा दिवस

सकाळी सातला निघा, दहानंतर उन्हात काही होत नाही. नदीकाठी तामू कियांगेह बाजार, भाज्या, रानफळं, वाळवलेले मासे, आपल्या कोकणातल्या आठवडी बाजाराचा वास. पायात बळ असेल तर मध्यापासून चालत जाण्यासारखं तासेक लामा पार्क, आत छोटा धबधबा, फुकट. बाबा गेटवरच बसले. रविवार असेल तर सकाळी मधले रस्ते गाड्यांना बंद असतात, लोक सायकली घेऊन, पळायला येतात, गाडीवाल्या देशाला आठवड्यातून एकदा पाय फुटतात.

मग एक डॉलरची होडी करून कांपोंग आयेर. पाण्यात खांबांवर उभं गाव, आजही हजारो लोक राहतात, शाळा, मशीद, अग्निशमन केंद्र, पेट्रोलपंप सगळं पाण्यावर. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेची हकीकत लिहिणारा पिगाफेत्ता १५२१ मध्ये इथे आला होता आणि त्याने पंचवीस हजार चुली असलेलं पाण्यातलं शहर लिहून ठेवलंय. घाटावर उतरलात की आधी तिथलं छोटं गॅलरी-म्युझियम बघा, आणि मग फळ्यांच्या वाटांवर फिरा. फळ्या काही ठिकाणी कुजलेल्या, मधे फटी, खाली गढूळ पाणी, तेव्हा खिळ्यांच्या रांगेवरून चाला, तिथे खाली आडवा वासा असतो. ही अक्कल मला एका आजोबांनी हातवारे करून शिकवली, माझा पाय एकदा घोट्यापर्यंत आत गेल्यावर. घरांपुढे रंगवलेल्या डब्यांत मिरच्या आणि कढीलिंब, दारात मांजरं. लोकांच्या घरात डोकावून फोटो काढू नका, विचारलंत तर स्वतःच बसा म्हणतात.

दुपारी उन्हात मशिदी. आमचा शुक्रवार होता, आत जाता आलं नाही, पण परत येताना पुन्हा ब्रुनेईमार्गेच तिकीट होतं आणि तेव्हा रविवार गाठला. दुसरी मोठी मशीद, जामे अस्र, १९९४ ची, २९ सोनेरी घुमट, कारण हे सुलतान एकोणतिसावे. नमाजाच्या वेळा सोडून सोडतात, बूट बाहेर, बायकांना काळा झगा तिथेच देतात, फोटो आत नाही. संगमरवर एवढा गार की बाबा म्हणाले इथेच जरा पडतो.

तेम्बुरोंगचं जंगल आणि सेरियाच्या तेलविहिरी यांचं नाव सगळीकडे वाचाल. तेम्बुरोंगला २०२० पासून तीस किलोमीटरचा पूल झालाय, पण पुढे लांब होडीने आत जावं लागतं, टूर शंभर डॉलरच्या वर, पूर्ण दिवस. सेरियात १९२९ ला तेल लागलं, सगळी श्रीमंती तिथूनच, १९९१ मध्ये अब्जावं पिंप निघालं त्याचं स्मारक आहे, पण जायला दीड तास आणि बसची कथा वर सांगितलीच. दोन रात्री असतील तरच.

नियमांबद्दल घाबरवत नाही, पण २०१९ पासून तिथे शरिया दंडसंहिता पूर्ण लागू आहे आणि त्यातली काही कलमं पाहुण्यांनाही लागतात. ड्रग्जला माफी नाही. रस्त्यात मिठ्या-बिठ्या नकोत, सुलतानावर जोक नकोत, बाईने हात पुढे केल्याशिवाय पुरुषाने शेकहँड करायचा नाही. सिगारेट ओढणाऱ्यांचे हाल आहेत, विकतच मिळत नाही. बाकी रात्री दहाला मी आणि आई रिकाम्या रस्त्याने चालत आलो, काहीही वाटलं नाही.

परतताना डार्ट तासभर आधी बोलवा, गर्दीच्या वेळी गाडी मिळायला वेळ लागतो. उरलेले ब्रुनेई डॉलर सिंगापूरला जाणार असाल तर ठेवा, तिथे त्याच भावाने चालतात, मेलबर्नला मात्र कोणी विचारत नाही. आमच्याकडे चार डॉलर उरले होते. बाबांनी वाटेत गाडी थांबवायला लावून दोन नासी कातोक बांधून घेतले, आणि मग मी सांगितलं की शिजवलेलं चिकन ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, कस्टमवाले दंड करतात. त्यांनी दोन्ही पुड्या गेटसमोरच्या खुर्चीवर बसून, बोर्डिंगची घोषणा होईपर्यंत, शेवटच्या शितापर्यंत संपवल्या.